स्टब्जबाबांची जयंती आणि चांदीची वाटी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संस्थापक माननीय योगराजभाऊ; हिरवा झेंडा दाखवण्यासाठी धुळ्याहून सवड काढून आलेले प्रमुख पाहुणे, ज्येष्ठ उद्योजक तोतारामनाना; व्यासपीठावर स्थानापन्न झालेले आपले उत्पादनप्रमुख स्वप्नीलराव; ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत असं पत्रिकेत छापलं आहे, त्या आपल्या प्रयोगशाळेच्या केमिस्ट मृणालीताई तायडे; चाळणी विभागातल्या आणि पॅकिंगमधल्या भगिनींनो, ड्रायव्हर आणि हमाल बंधूंनो; आणि माझ्या पाठीमागे झेंडूच्या हाराआडून आपल्या सर्वांवर नजर ठेवून असलेले कैलासवासी जेडेडाया स्टब्जसाहेब! आपणा सर्वांना माझा नमस्कार. स्टब्जसाहेबांना वगळून, पण ते पुढे कळेलच.

मी अभिमन सोनवणे, प्रशासन अधिकारी. खुर्च्या मांडणं, हार आणणं आणि दरवर्षी स्टब्जसाहेबांवर भाषण करणं ही माझी कामं. आज एकाच मांडवात तीन कार्यं आहेत. साहेबांची जयंती, मृणालीताईंचा निरोप आणि बाहेर उभ्या असलेल्या ट्रकला झेंडा. मला सूचना अशी आहे की साहेबांच्या चरित्रावर सविस्तर बोला आणि मृणालीताईंबद्दल दोन शब्द बोला. हे प्रमाण कुणी ठरवलं, ते मी विचारलं नाही. या कंपनीत विचारणाऱ्याचं काय होतं, ते पत्रिकेवर छापलेलंच आहे.

नाना, तुम्ही पाहुणे आहात, म्हणून हे साहेब इथे कसे आले ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी योगराजभाऊ अमेरिकेला गेले होते. लोक अमेरिकेहून घड्याळ आणतात, चॉकलेटं आणतात. भाऊंनी जुन्या सामानाच्या दुकानातून एक म्हातारा आणला. हेच तैलचित्र. पांढरी दाढी, हातात काठी, डोळ्यांत जगाविषयी अपार करुणा. चित्रकाराला करुणेचे पैसे वेगळे दिले असावेत. सोबत एक जाडजूड चरित्र मिळालं, साहेबांच्या जावयानेच लिहिलेलं. भाऊंनी दुकानातच उभ्या उभ्या दोन पानं वाचली. गरिबीतून वर आलेला मुलगा, लहान मुलांच्या खाद्याचा कारखाना, दानशूर. झालं! भाऊंना गुरू सापडला. पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "अभिमनराव, तुम्ही बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं ना? वाचा आणि भाषण तयार करा." भाऊंनी ते पुस्तक पुन्हा मागितलं नाही. गुरूचं चरित्र शिष्याने पूर्ण वाचू नये, असा काही नेम असेल तर मला माहीत नाही.

चित्र आधी आपल्या गेटमधल्या पोर्चमध्ये लावलं होतं, या सभागृहात ते नंतर आलं. पहिल्याच सकाळी आपले वॉचमन जीवरामआबा आले, दाढी पाहिली, आणि त्यांनी चपला काढल्या. त्यांना वाटलं, भाऊंच्या घराण्यातले कुणी गुरुमहाराज असतील. आबांनी चपला काढल्या म्हणून मागच्याने काढल्या. गुरुवारी कुणीतरी फुलं ठेवली, पुढच्या गुरुवारी नारळ फुटला. मग कुणाच्या तरी मुलीचं लग्न जमलं आणि पेढे आले. बघता बघता ओहायो प्रांतातल्या या पीठवाल्याचा स्टब्जबाबा झाला. मी भाऊंना म्हणालो, "भाऊ, हे कोण आहेत ते एकदा लोकांना सांगून टाकू." भाऊ हसले. म्हणाले, "राहू द्या. हात जोडून आत आलेला माणूस आत आल्यावर फार बोलत नाही." नाना, व्यवस्थापनशास्त्राचे धडे द्यायला पुण्या-मुंबईची माणसं हजारो रुपये घेतात. आमच्याकडे हे असं फुकट मिळतं.

चाळणी विभागातल्या आपल्या द्रौपदाबाई इथे समोर बसल्या आहेत. पारोळ्याकडच्या. त्यांना मी एकदा विचारलं, बाई, तुम्ही नमस्कार करता तो कुणाला? त्या म्हणाल्या, "हाऊ बाबा कोन शे ते माले नही माहीत. बठ्ठा हात जोडतस, म्हनीसन मी बी जोडस." सगळे जोडतात, म्हणून आपणही जोडायचे! इतकं प्रामाणिक उत्तर मला व्यासपीठावरून कधी मिळालेलं नाही.

तर आता चरित्र. मला दिलेली वेळ याचीच आहे, म्हणून ती मी याच कामी लावतो. दरवर्षी मी पहिली काही पानं सांगून थांबतो. आज पुढचीही सांगणार आहे. यातलं एकही वाक्य साहेबांच्या शत्रूने लिहिलेलं नाही, हे कृपा करून लक्षात असू द्या. सगळं जावयाने लिहिलं आहे, आणि अभिमानाने लिहिलं आहे.

साहेबांचे वडील गिरणीवाले. जावई लिहितो की बालपणीच साहेबांच्या ध्यानी आलं, पिठाची पोती रात्रभर ओलसर जागेत ठेवली की सकाळी वजन वाढतं, आणि "निसर्गाच्या या औदार्याचा त्यांनी तात्काळ लाभ घेतला." आमच्या खान्देशात याला काटा मारणं म्हणतात. तिकडे औदार्य म्हणतात. भाषेभाषेचा फरक आहे.

पुढे त्या देशात उत्तर आणि दक्षिण यांची मोठी भाऊबंदकी पेटली. साहेबांना सैन्याच्या बिस्किटांचं कंत्राट मिळालं. ती बिस्किटं इतकी कडक की शिपाई ती बंदुकीच्या दस्त्याने फोडत. कॉफीत बुडवली की आतले किडे वर तरंगत, ते चमच्याने काढून टाकायचे आणि राहिलेलं खायचं. जावई म्हणतो, "रणांगणावरून साहेबांकडे एकही तक्रार आली नाही." कशी येईल? रणांगणावरून माणूस परत येणं मुश्कील, तिथे तक्रार कुठून येणार?

युद्ध संपलं. शिपाई घरी गेले. साहेबांची तळघरं बिस्किटांनी भरलेली राहिली. तोतारामनाना, तुम्ही जन्मभर व्यापार केलात. गोदामभर किडका माल आणि गिऱ्हाईक निघून गेलेलं. तुम्ही काय केलं असतं? फार तर गुरांपुढे टाकला असता, आणि गुरांनी तोंड लावलं नसतं तर पुरून टाकला असता. पण तुम्ही थोर पुरुष नाही ना, नाना! थोर पुरुषाने विचार केला, दात असलेला माणूस हा माल खात नाही, तर मग दात नसलेला शोधा. त्यांनी बिस्किटं दळली, भाजली, वास जाईपर्यंत साखर घातली, पत्र्याच्या डब्यात भरली आणि डब्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र छापलं. "स्टब्ज यांचे बालामृत." साहेबांचं साम्राज्य इथून उभं राहिलं, बरं का. ज्यांना आपण दर गुरुवारी नारळ फोडतो, त्यांचं कर्तृत्व हे. ज्याला अजून "नको" म्हणता येत नाही, तो गिऱ्हाईक त्यांनी शोधून काढला.

साहेबांना स्वतःची मुलं होती. त्यांच्यासाठी घरामागे गाय बांधलेली होती. तिचं नाव क्लॅरिसा. जावयाने त्या गाईवर अख्खं प्रकरण लिहिलं आहे. तिचा रंग, तिचा स्वभाव, तिच्या दुधावर येणारी साय. बालामृत खाऊन वाढलेल्या एकाही मुलाचं नाव मात्र पुस्तकात नाही. मी शोधलं. गाईचं आहे.

मग गावात एक तरुण डॉक्टर निघाला. तो म्हणू लागला की या भुकटीवर ठेवलेली पोरं सुकत चालली आहेत. साहेब त्याच्याशी भांडले का? छे! आपल्या साहेबांचा तो बाणाच नव्हे. त्यांनी डॉक्टरला जंगी मेजवानी दिली. सोन्याचं घड्याळ दिलं. दूरच्या प्रांतात मोठ्या इस्पितळात जागा मिळवून दिली. आणि मेजवानीत ग्लास उंचावून म्हणाले, "आपले लाडके डॉक्टर कौटुंबिक कारणास्तव, स्वेच्छेने आपला निरोप घेत आहेत." हे वाक्य कुठे वाचल्यासारखं वाटतं का? तुमच्या मांडीवरची पत्रिका उलटून बघा. सावकाश बघा. मी थांबतो.

बघितलीत? मग पुढे. डॉक्टरने घड्याळ घेतलं आणि तो गेला. जावयाने त्याचं नावसुद्धा दिलेलं नाही. पुस्तकात तो नुसता "एक डॉक्टर" आहे. घड्याळाचं वर्णन मात्र पाऊण पान.

नंतर एके वर्षी नदीला पूर आला आणि खालच्या अंगाची गावं बुडाली. त्याच पावसात साहेबांच्या गोदामात ओल शिरून बराच माल वाया गेला होता. साहेबांनी तो सगळाच्या सगळा आगगाडीने पूरग्रस्तांना पाठवला. फुकट! गाडीच्या प्रत्येक डब्यावर स्वतःचं नाव रंगवून. गाडी स्टेशनात शिरली की बँड वाजायचा. त्या पोरांचं पुढे काय झालं? जावई लिहितो, "दान दिल्यावर साहेबांनी त्याची विचारपूस कधीच केली नाही, इतके ते निरपेक्ष होते." याच दानाबद्दल त्यांचा पुतळा उभारला.

आणि शेवट ऐका. म्हातारपणी साहेबांचं पोट बिघडलं. हलकं, पातळ, लहान मुलाला द्यावं तसं काहीतरी द्या, असं वैद्याने सांगितलं. त्यांच्या पत्नी साध्याभोळ्या असाव्यात. त्यांनी बालामृताचा डबा उघडला, कालवलं आणि वाटी पुढे धरली. साहेबांनी ती वाटी भिंतीवर भिरकावली. जावई गहिवरून लिहितो, "अखेरच्या दिवसांपर्यंत साहेबांची चव शाबूत होती."

मित्रहो, मला या माणसाची किळस येते. वाईट माणूस होता म्हणून नव्हे, वाईट माणसं काय, आपल्याकडेही आहेत, आयात करायची गरज नव्हती. किळस येते ती त्या डोळ्यांतल्या करुणेची.

माझ्याकडे चिठ्ठी आली आहे. स्वप्नीलरावांचं अक्षर. "आटोपतं घ्या." हो, चरित्र आटोपलं. आता मृणालीताईंबद्दलचे दोन शब्द.

नाना, आमचं बालसत्त्व तुम्हाला ठाऊक असेलच. यावल-असोद्याची केळी वाळवायची, भुकटी करायची, त्यात भाजलेल्या तांदळाचं पीठ आणि साखर. यात वाईट काही नाही. केळी आपल्या मातीतली, खणखणीत. नीट वाळवली तर माल उत्तम होतो. आणि ती नीट वाळवली आहे की नाही हे बघायला मृणालीताई होत्या. पाचोऱ्याहून रोज येणाऱ्या. पहिल्या दिवशी जीवरामआबांनी त्यांना गेटवर थांबवलं, "मॅडम, बाबांना नमस्कार करून जा." ताई म्हणाल्या, "आबा, आमच्या घरी हात कुणापुढे जोडायचे ते ठरलेलं आहे. मी इथे डब्यातलं बघायला आले आहे." त्यांच्याविरुद्धची पहिली तक्रार ती. बाबांचा अपमान!

यंदा पावसाळ्यात वाळवणीच्या हॉलमध्ये ओल धरली. भुकटीचे गठ्ठे झाले, आंबूस वास सुटला, हिरवट ठिपके दिसले. ताईंनी तो माल थांबवला. डब्यांच्या थप्प्यांवर लाल चिठ्ठ्या लावल्या. स्वप्नीलराव म्हणाले, "चाळून घेऊ, परत भाजून घेऊ." ताई म्हणाल्या, "बुरशी चाळणीतून जाते सर, आणि भाजली तरी तिचं विष मागे राहतं." स्वप्नीलरावांना पटलं. अहो, खरंच पटलं! त्यांनी तो माल बाजारातून बाद केला. आणि दानात घातला. स्टब्ज जयंतीनिमित्त सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या बालकांना बालसत्त्वाचं मोफत वाटप! लाल चिठ्ठ्या खरवडल्या आणि त्याच जागी "सप्रेम भेट" चिकटवलं. खरवडल्याच्या खुणा अजून दिसतात. आपल्याकडे चिठ्ठीचा गोंदसुद्धा कंपनीपेक्षा इमानदार आहे.

ताईंनी त्यालाही सही दिली नाही. मी त्या वेळी त्याच खोलीत होतो, पंखा दुरुस्त करणाऱ्याला घेऊन. स्वप्नीलराव त्यांना म्हणाले, "मॅडम, एवढं काय मनावर घेता? पाड्यावरच्या पोरांना सवय असते." आणि ताई म्हणाल्या, "मग ती सवय तुमच्या भाच्याला लावा ना, सर."

बस्स. हेच ते कौटुंबिक कारण.

भाच्याचं सांगायला हवं, कारण नाना तेव्हा नव्हते. स्वप्नीलराव हे भाऊंच्या सूनबाईंचे बंधू. म्हणजे भाऊंच्या नातवाचे सख्खे मामा. गेल्या वर्षी त्या बाळाचं उष्टावण याच सभागृहात, याच तैलचित्राखाली झालं. आपल्याकडे बाळाला पहिला घास मामाने भरवायचा असतो. मामा रेशमी कुर्ता घालून आले. मागे बालसत्त्वाचा फलक, पुढे बालसत्त्वाचा डबा, फोटोग्राफर गुडघ्यावर. चांदीची वाटी, चांदीचा चमचा. ताट माझ्या हातात होतं. आणि वाटीत काय होतं? भाऊंच्या घरून स्टीलच्या डब्यातून आलेली तांदळाची खीर. केशर घातलेली. वेलचीचा वास शेवटच्या रांगेपर्यंत गेला होता. तो डबा आपला ड्रायव्हर सरदार तडवी घेऊन आला होता. लपवाछपवी काही नव्हती हो! आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बालसत्त्वाचा डबा झाकणही न उघडता बाजूला राहिला आणि खिरीचा घास बाळाच्या तोंडात गेला. आपण टाळ्या वाजवल्या. फक्त मागून द्रौपदाबाई बोलल्या, मी ऐकलं, "सायेबना नातूले घरनी खीर, आन् लोकेसना पोरेसले हाई पावडर?" त्यावर शेजारणीने त्यांना कोपर मारलं.

ती चांदीची वाटी आता बाबांच्या चित्राखाली काचेच्या पेटीत ठेवलेली आहे. खाली पट्टी आहे, "बालसत्त्वाचा पहिला घास." क्लॅरिसा गाईचं चित्र मात्र आपण लावलं नाही, तेवढी उणीव राहिली.

दुसरी चिठ्ठी. हो, हो, शेवटाकडेच आलो.

आज सकाळी सरदारभाऊ माझ्याकडे आले. ट्रक तेच नेणार आहेत. यावलच्या पुढे, डोंगराच्या अंगाला त्यांच्या लेकीचं सासर आहे. ते म्हणाले, "सर, यादीत पहिला पाडा माझ्या पोरीचा आहे. तिचं पोरगं आत्ता कुठं रांगायला लागलंय. बापाच्या गाडीतून आलेला डबा आहे म्हणून ती डोळे झाकून भरवील. तिला मी काय सांगू? भरव म्हणू, का फेक म्हणू?" मी कार्यक्रमाची तयारी करत होतो, हातात हार होते. दरवर्षी तासभर बोलणारा माणूस मी, आणि एका नातवाच्या आजोबाला एक शब्द सांगता आला नाही.

म्हणून मी एक काम केलं. काचेच्या पेटीची किल्ली प्रशासनाकडेच असते. मी वाटी काढली. सरदारभाऊंनी ट्रकमधून एक डबा आणला. द्रौपदाबाईंनी कोमट पाण्यात कालवलं, गुठळ्या मोडता येतील तेवढ्या मोडल्या. ही ती वाटी. रुमालाखाली झाकून मी ती टेबलावर ठेवली होती, नानांच्या पुष्पगुच्छाशेजारी. रुमाल काढतो.

स्वप्नीलराव, ही तुमच्यापुढे ठेवतो. आज त्या पाड्यांवरच्या पोरांचे मामा तुम्ही. पहिला घास तुम्ही पाठवताय. लहान मुलाला भरवण्याआधी आपल्याकडे बाया काय करतात? घास आधी आपल्या ओठाला लावून बघतात. फार काही मागत नाही, एक चमचा. तुम्ही खाल्लात, तर मी माझे सगळे शब्द परत घेतो, बाबांपुढे लोटांगण घालतो आणि झेंडा घेऊन ट्रकपुढे यावलपर्यंत चालत जातो.

घेता?

भाऊ, तुम्ही त्यांच्याकडे असे बघू नका, त्यांना ठरवू द्या. की तुम्ही घेता? नाही. नाना, तुम्ही पाहुणे, तुम्हाला आग्रह नाही. खुर्ची मागे घेतलीत ते बरं केलंत, वास येतोच आहे.

उचलला! स्वप्नीलरावांनी चमचा उचलला. शाबास. भाऊंच्या नजरेत ताकद आहे. माणूस बुरशीसुद्धा...

ताई? मृणालीताई, तुम्ही का उठलात? काय म्हणालात? मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल, मी माइकवरून सांगतो. ताई म्हणतात, "सर, ठेवा तो चमचा. हा माल कुणीच खायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही."

आणि चमचा खाली ठेवला गेला आहे. वाटी आता ताईंच्या हातात आहे.

माफ करा. मी इथे एका माणसाची फजिती करायला उभा राहिलो होतो. आत कुठेतरी मला हवं होतं की त्यांनी खावं आणि चार दिवस पोट धरून बसावं. ताईंना तेही चाललं नाही. ज्या माणसाने त्यांची नोकरी घालवली, त्याच्याही तोंडात त्यांनी खराब घास जाऊ दिला नाही. लाल चिठ्ठी लावायची ती सगळ्यांसाठीच, पाड्यावरच्यांसाठी आणि व्यासपीठावरच्यांसाठीही. बाबांच्या अख्ख्या चरित्रात असा एक माणूस नाही हो. जो होता, तो घड्याळ घेऊन गेला.

स्वप्नीलराव, आज पहिल्यांदा तुम्ही केमिस्टचं ऐकलंत. जमलं की नाही? एवढंच तर करायचं होतं पावसाळ्यात.

मागून सरदारभाऊ पुढे येताहेत. या, या भाऊ, वाट द्या त्यांना. नाना, हे झेंडा घ्यायला आलेले नाहीत. हां. ट्रकची किल्ली त्यांनी ताईंच्या पुढ्यात ठेवली आहे. काय म्हणता? "मॅडम सांगतील तिथंच गाडी जाईल." ऐकलंत, भाऊ? आज हात कुणीही जोडलेले नाहीत, म्हणून ऐकू येतंय.

आता समारोप. कंपनीच्या नियमाप्रमाणे बाद झालेला माल नष्ट करायचा तो केमिस्टच्या समोर आणि केमिस्टच्या सहीने. हा नियम मी काढलेला नाही, तो प्रयोगशाळेच्या दारावरच टांगलेला आहे, बाबांच्या चित्राखालच्या पट्टीपेक्षा थोड्या लहान अक्षरांत. बाहेर ट्रकभर माल उभा आहे, तो नष्ट झालेला नाही. म्हणजे ताईंचं काम संपलेलं नाही. आणि ज्याचं काम संपलेलं नाही, त्याला निरोप देता येत नाही. तेव्हा प्रशासन अधिकारी या नात्याने मी आजचा निरोप समारंभ पुढे ढकलत आहे. कार्यक्रम पुढे ढकलणं एवढाच एक अधिकार या कंपनीत माझ्याकडे आहे, आणि तो मी प्रथमच वापरतो आहे. हमाल बंधूंनो, चहा घेतला की ट्रक खाली करायला घ्या. डबे मागच्या खड्ड्याकडे. द्रौपदाबाई, तुम्ही कुठे निघालात? तिकडेच? बरं.

अध्यक्षमहाराजांनी मला बोलू दिलं, निदान वीज तरी बंद केली नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. तोतारामनानांना धुळ्याहून बोलावून झेंडा न फडकवताच परत पाठवतो आहोत, त्याबद्दल दिलगीर आहे. पेढे आहेत, ते बाहेरच्या दुकानातले आहेत, निर्धास्त घ्या. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, एखादा मान राहून गेला असेल, तर उदार मनाने क्षमा करावी. स्टब्जसाहेबांची मात्र मी क्षमा मागत नाही.

आणि भाऊ, उद्या मला निरोप द्यावा लागेल हे मी जाणतो. वेगळा खर्च करू नका. ताईंसाठी आणलेली शाल तशीच आहे, तिची घडीसुद्धा मोडलेली नाही. माझ्या मापाला ती चालेल.